उष्टा पत्ता

सुकुमार मगदूमला कोणी गंडवू शकत नाही, ही गोष्ट सांगलीच्या अख्ख्या गणपती पेठेला ठाऊक होती. कारण ती त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवली होती. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक हनुवटी यंत्रावर टेकवून बसलं की त्याला हलता येत नाही, धड बोलताही येत नाही, आणि नेमकं तेव्हाच सुकुमारचं व्याख्यान सुरू व्हायचं.

"तुमचा पत्ता सगळ्यांकडे एकच? अहो काका, एकाच ताटात गाव जेवायला बसवलंय तुम्ही. उद्या पोट बिघडलं तर कुणामुळं बिघडलं, कळायचं कसं?"

काका "अं" करायचे. सुकुमार तो होकार समजून पुढे बोलत राहायचा.

ती वर्षं सोंगाड्यांची होती. त्याआधी फोनवर येणारा कचरा त्या मानाने गरीब होता. कर्ज घ्या, लॉटरी लागली, टकलावर केस उगवतील. वाचायचं आणि पुसून टाकायचं. मग यंत्रं हुशार झाली. कुणाची चार पत्रं आणि मिनिटभराचा आवाज मिळाला की ती हुबेहूब मामासारखं लिहू लागली, मावशीसारखं खोकू लागली. अशा पत्रांना लोक सोंगाडे म्हणत. पण सोंगाडा कितीही हुशार असला तरी दाराशी यायला त्याला तुमचा पत्ता लागायचाच. म्हणून 'उंबरा' नावाची व्यवस्था निघाली आणि बघता बघता घरोघरी पोहोचली.

उंबऱ्याची कल्पना साधी होती. माणसागणिक वेगळा पत्ता. दूधवाल्याला एक, गॅसवाल्याला दुसरा, सासऱ्यांना तिसरा. प्रदर्शनाच्या दारात नाव नोंदवा म्हणाले की उभ्या उभ्या चौथा. सगळी पत्रं शेवटी एकाच पेटीत पडायची, पण कोणतं पत्र कोणत्या पत्त्यावर आलं हे उंबरा लक्षात ठेवायचा. तोंडी सांगता यावा म्हणून प्रत्येक पत्ता तीन साध्या शब्दांचा असे. ज्याला दिला त्याच्याखेरीज भलत्याच कुणाचं पत्र त्यावर आलं, की 'पत्ता उष्टा झाला' अशी सूचना यायची. आणि उष्टा कुणी केला हे शोधायला नको, कारण तो पत्ता एकाच माणसाला दिलेला असायचा. पत्ता मिटवायचा, त्या माणसाच्या नावावर नोंद करायची, आणि मोकळं व्हायचं.

सुकुमारने पहिला पत्ता केला तो थोरल्या बहिणीसाठी. पद्मिनीअक्का जयसिंगपूरला राहायची. नवरा गेल्यापासून ती रुखवताची कामं घ्यायची: लग्नात नवरीच्या बाजूने मांडतात तो मण्यांचा, लोकरीचा, साखरेचा चिमुकला संसार. आसपासच्या चार तालुक्यांत तिच्या हाताला नाव होतं. लहानपणी ती सुकुमारला शेजारी बसवून मणी ओवायला लावायची. चष्म्याचा राईएवढा स्क्रू तो न चाचपडता बसवायचा, ते तिथलंच शिक्षण.

अक्काच्या पत्त्याला उंबऱ्याने शब्द काढून दिले: हळद, पायरी, भोवरा.

"हळद पायरी भोवरा," अक्काने फोनवर दोनतीनदा घोळवून पाहिलं. "आपल्या जुन्या घराच्या दारातलंच सामान उचललंय की रे."

बाकीचे पत्ते सुकुमार यंत्रात बघून सांगायचा. हा एक त्याला पाठ होता.

*

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सुकुमार आणि सन्मतीला मुलगी झाली. नाव ठरलं चंदना. त्यांच्या जैन घरात बारशापर्यंत नाव फुटू द्यायचं नाही अशी रीत. नाव आधी बाळाच्या कानात जायचं, मग जगाच्या. कानात सांगण्याचा मान आत्याचा. तिने 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. अक्का त्या धपाट्यांची कितीतरी वर्षं वाट पाहत होती.

सुकुमारने तिला लिहिलं, "चंदना. तुझ्यापाशीच ठेव."

अक्काचं उत्तर आलं, "ठेवलं."

पुढचे दोन दिवस तो गावभर पळत होता. पेढे, पाळणा, हॉल, पाळण्यामागे लावायचा फुलांचा फलक, जेवणावळ. डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि ते नसण्यात त्याला आनंद होता. बारशाच्या आदल्या सकाळी दुकान उघडताना फोन वाजला.

'चि. चंदनाच्या इवल्या पावलांसाठी चांदीचे वाळे. खास तुमच्यासाठी सवलत.'

मागोमाग चंदनासाठी झबली, चंदनाच्या शिक्षणासाठी ठेव, चंदनाची पत्रिका. जे नाव अजून पोरीच्या कानातही गेलं नव्हतं ते कुठल्या कुठल्या दुकानांच्या तोंडी झालं होतं. उंबऱ्याने खाली लिहिलं होतं: 'हळद-पायरी-भोवरा हा पत्ता उष्टा झाला आहे. हा पत्ता तुम्ही पद्मिनी चौगुले यांना दिला होता. त्यांच्याकडून फुटला अशी नोंद करायची का?'

त्याने 'हो' दाबलं. पत्ता मिटवला आणि मग अक्काला फोन लावला.

"मी कुणापाशी बोलले न्हाई रे," अक्का म्हणाली.

"मग त्या दुकानांना काय स्वप्न पडलं? नाव तुझ्याच पत्त्यावरनं फुटलंय, अक्का."

"तुझं यंत्र चुकलं असंल."

"ते चुकत नाही. माणसं चुकतात."

मग अक्का म्हणाली, "बरं." तिने एवढंच म्हणावं याचा अर्थ सुकुमारने आपल्याला सोयीचा तोच घेतला.

सन्मती म्हणाली, "अहो, एकदा समोर बसून विचारा तरी त्यांना."

"पुरावा असताना काय विचारायचं?"

बारशाला अक्का आली. पाळण्यावर टांगायचं मण्यांचं चिमणाळं तिने स्वतः करून आणलं होतं. हिरव्या चिमण्या, लाल चोची. बायका तिला पुढे ढकलू लागल्या तेव्हा सुकुमार सगळ्यांसमोर म्हणाला, "नाव त्रिशला सांगेल. अक्काकडनं आधीच सगळ्यांना सांगून झालंय." तो हे हसत म्हणाला, म्हणून दोघीतिघी हसल्याही. चुलतबहीण त्रिशला अवघडून पुढे झाली, तिने कुर्रर्र केलं, धपाटे तिला मिळाले. अक्का भिंतीपाशी हातात पिशवी धरून उभी होती. जेवायच्या आधीच ती निघून गेली आणि चिमणाळं खुर्चीवर राहिलं.

*

आता उंबऱ्याच्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी, जी सुकुमार गिऱ्हाइकांना कधी सांगत नसे, कारण ती त्यालाही नीट ठाऊक नव्हती.

उंबरे एकमेकांशी बोलायचे. सोंगाडा एका घरी पकडला गेला तर शेजारच्या घरी तो घुसू नये म्हणून ही सोय होती, आणि कंपनीने तिला 'शेजारधर्म' असं गोड नाव दिलं होतं. एका उंबऱ्याने नोंद केली की हा माणूस पत्ते फोडतो, की ओळखीपाळखीतले बाकीचे उंबरे त्या माणसावरचा विश्वास अगदी थोडा कमी करायचे. दार बंद करायचे नाहीत, फक्त त्याची पत्रं जरा खाली सरकवायचे. पण गंमत अशी की या थोड्याशा घटीचीही बातमी व्हायची. चार घरांनी विश्वास कमी केला हे पाहून पाचवं घर आणखी कमी करायचं, आणि ते पाहून पहिली चार पुन्हा. कुणाही माणसाने काही ठरवलेलं नसताना महिन्या-दोन महिन्यांत त्या नावाची पत्रं सगळ्यांच्याच पेटीच्या तळाशी जाऊन पडायची, जिथे कुणी बघत नाही. पूर्वी माणसाला वाळीत टाकायचं तर पाचजणांना चावडीवर बसावं लागे, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागे. आता कुणाला बसावंही लागत नव्हतं.

दसऱ्याला अक्काचं पत्र आलं नाही. भाऊबीजेला ती आली नाही. तिने दुकानाच्या पत्त्यावर लिहिलेली दोन पत्रं त्याच्याच पेटीच्या तळाशी पडली होती हे सुकुमारला माहीत नव्हतं. अक्काने राग धरलाय असं तो धरून चालला, आणि राग धरायचाच असेल तर तो आपण धरायला हवा असंही सन्मतीला ऐकवून झालं.

*

चंदना वर्षाची होत आली. वाढदिवसाच्या सजावटीसाठी सुकुमार रफीक मुल्लाच्या दुकानात गेला. बारशाचा फलकही रफीकनेच केला होता. जुनं गिऱ्हाईक म्हणून त्याने चहा मागवला आणि समोरच्या यंत्राला म्हणाला, "मगदूमसाहेब आलेत. मागची माहिती काढ."

यंत्र बायकी आवाजात म्हणालं, "नमस्कार सुकुमारजी. मागच्या वेळी आपण 'चंदना' या नावाचा फलक करून घेतला होता. नमुना याच पत्त्यावर पाठवू का? हळद, पायरी, भोवरा."

सुकुमार खुर्चीतून उठला.

त्याला सगळं आठवलं, आणि आठवायला काही कष्ट पडले नाहीत, हेच वाईट होतं. बाहेर गाडी चुकीच्या जागी लावलेली, एका कानाला फोन, आचारी विचारतोय वांगी किती. आणि रफीकने पत्ता विचारल्यावर नवा पत्ता करून द्यायचा कंटाळा येऊन जिभेवर जो होता तो त्याने सांगून टाकला होता. पाठ एकच होता. नाव आणि पत्ता, दोन्ही त्यानेच एका दमात दिलं होतं.

"रफीकभाई, ही माहिती तुम्ही कुणाला देता?"

"मी कशाला देऊ? हे डिझाईनचं सॉफ्टवेअर फुकटातलं आहे, साहेब. ते लोक काय करतात देव जाणे. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना, फुकट असेल तिथे वेगळा पत्ता द्या म्हणून. मी म्हटलं, तुम्ही दिलाच असणार."

उंबरा खोटं बोलला नव्हता. तो पत्ता उष्टा झालाय एवढंच त्याला कळत होतं. तो एकाच माणसाला दिलाय असं सुकुमार सगळ्यांना सांगत आला. पण प्रत्येक पत्ता दोघांकडे असतो, ज्याला दिला त्याच्याकडे आणि ज्याने दिला त्याच्याकडे. दुसऱ्या माणसाचा संशय घ्यायची सोय उंबऱ्यात नव्हती, कारण तिथे मालक बसलेला असतो.

गाडीवर बसून त्याने तिथेच उंबरा उघडला आणि अक्काच्या नावावरची नोंद मागे घेतली. कारण विचारलं तेव्हा लिहिलं, 'चुकून'. उत्तर लगेच आलं. सोंगाडे लोकांना धाक घालून अशा नोंदी मागे घ्यायला लावतात, त्यामुळे नुसतं मागे घेतल्याने इतर उंबऱ्यांनी पेटीच्या तळाशी टाकलेली त्या माणसाची पत्रं वर येत नाहीत. पत्ता खरोखर कुणाकडून फुटला ते सांगितलं, तरच पहिलं नाव धुऊन निघेल. खाली रिकामी जागा होती.

त्या जागेत स्वतःचं नाव घालायचं म्हणजे काय हे सुकुमारला आता पक्कं कळलं. 'चष्मा तयार आहे', 'डोळे तपासायची वेळ झाली', दुकानाची सगळी पत्रं त्याच्याच नावाने जायची. ती तळाला गेली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार. शिवाय अख्ख्या पेठेला कळणार की पत्त्यांवर व्याख्यानं देणाऱ्या मगदूमनेच स्वतःचा पत्ता फोडला आणि आळ बहिणीवर घातला. त्याने त्या जागेत लिहिलं, 'अज्ञात'. उंबऱ्याने ते घेतलं नाही.

घरी त्याने सन्मतीला सांगितलं. ती पोरीला भरवत होती, तिने हात थांबवला नाही.

"मग अक्कांना जाऊन सांगा."

"दुकानाचं काय होईल?"

"ते मला विचारू नका," सन्मती म्हणाली. "बारशाच्या दिवशीही विचारलं नव्हतं तुम्ही मला."

*

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तो जयसिंगपूरला पोहोचला. अक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती. पूर्वी त्या सोप्यात पाय ठेवायला जागा नसायची. अर्धवट झालेले मण्यांचे पाळणे, लोकरीच्या गवळणी, वाळत घातलेला साखरेचा मांडव. आता एक सतरंजी होती आणि तिच्यावर अक्का, हातभर लांब धरलेल्या सुईत दोरा घालायला बघत होती. चष्मा दोन वर्षांपूर्वीचा, सुकुमारनेच दिलेला. त्याचा नंबर कधीच बदलून गेला असणार हे त्याला दारातूनच कळलं. एरवी ती दरवर्षी दुकानात येऊन डोळे तपासून जायची.

"आलास व्हय? बस की," ती म्हणाली. "पोर बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. अक्का, कामं..."

"न्हाईत आता. रुखवत कुणाला पायजे? समदं इकतचं आणत्यात." मग ती म्हणाली, "खरं सांगू का? आली असती तरी मी घेतली नसती. काम घ्यायचं म्हणजे पत्ते घ्यायचे, द्यायचे. माझ्या हातनं पुन्हा कुणाचं काय सांडायला नको."

सुकुमार काहीतरी बोलायला गेला. अक्काने हाताने त्याला थांबवलं.

"बोलू दे मला. वरीस झालं, मनात हाय. मी लई आठवून बघितलं रे सुक्या. मण्यांच्या दुकानात बोलले असंन का, एसटीत कुणापाशी बोलले असंन का. काय बी आठवंना. पण तुझं यंत्र म्हणतंय म्हणजे माझ्याच तोंडनं गेलं असणार. वय झालं. आत्या म्हणून एक नाव सांभाळायचं होतं, तेवढं बी झालं न्हाई. तवापासनं मी त्या पोरीचं नाव तोंडात घेत न्हाई. मला माफ कर बाबा."

सुकुमारला आपण बसलो आहोत ती सतरंजी टोचू लागली. 'जाऊ दे अक्का, झालं ते झालं,' हे वाक्य त्याच्या जिभेवर आयतं तयार होतं. ते बोलला असता तर अक्काने डोळे पुसले असते, चहा टाकला असता, पुढच्या भाऊबीजेला ती आली असती. दुकान शाबूत राहिलं असतं. वर आपण मोठ्या मनाचे ठरलो असतो. हे सगळं त्याला एका क्षणात दिसलं, आणि ते आपल्याला हवंसं वाटतंय हेही दिसलं. त्याला स्वतःची इतकी लाज जन्मात कधी वाटली नव्हती.

"अक्का, तू नाहीस," तो म्हणाला. "मी."

"काय मी?"

"मीच दिला पत्ता. फलकवाल्याला. नावासकट. तुला दिलेलाच पत्ता दिला, कारण तो मला पाठ होता. मला काल कळलं." आणि थांबणं शक्य होतं तिथे न थांबता तो पुढे म्हणाला, "काल कळलं आणि काल मी लपवायला बघितलं. तुझी कामं गेली ती रुखवत कुणाला नको म्हणून नाही गेली. मी तुझं नाव लावलं म्हणून गेली. तुझी पत्रं कुणाला दिसतच नाहीत."

अक्काने सुई सतरंजीत खोचली.

सुकुमारने खिशातून फोन काढला, तिच्यासमोर उंबरा उघडला आणि त्या रिकाम्या जागेत 'सुकुमार मगदूम' असं लिहिलं. 'म्हणजे आपण स्वतः?' उंबऱ्याने विचारलं. त्याने 'हो' दाबलं.

कोनाड्यातला अक्काचा फोन वाजला. तिने तो घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि त्याच्यापुढे केला.

"मला काय दिसंना. तूच वाच."

सुकुमारने आधी मनात वाचलं. मग वर पाहिलं. अक्का वाट बघत होती.

"'सुकुमार मगदूम यांनी तुमच्या नावावर चुकीची नोंद केली होती,'" त्याने वाचलं. "'पत्ता त्यांच्याकडूनच फुटला होता. यांची पत्रं यापुढे आत घ्यायची का?'"

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं.

"आता उंबऱ्यात उभा राहून वाच. मोठ्यानं," अक्का म्हणाली. "शेजारच्या सुमतीला ऐकू जाऊ दे. तिच्या पोरीच्या लग्नाचं रुखवत मी करणार होते. तिनं कुरुंदवाडच्या बाईकडनं करून घेतलं, आणि मला वाटलं, बरं केलं."

सुकुमार दारात जाऊन उभा राहिला. समोरच्या ओट्यावर सुमती आणि तिची सासू शेंगा फोडत बसल्या होत्या. त्याने तिसऱ्यांदा वाचलं. बारशाला जितक्या मोठ्याने बोलला होता तितक्याच मोठ्याने वाचलं. सासूने शेंग तशीच हातात धरली. सुमती आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या मागे, आत सोप्याकडे बघत राहिली.

तो आत आला तेव्हा अक्का उठून चुलीकडे गेली होती. ताटाचा आवाज येत होता.

"शेवटी काय इचारतंय ते?" तिने आतूनच विचारलं. "आत घ्यायचं का?"

"हो."

"आज नको म्हणावं."

सुकुमारने तिच्या फोनवर 'नाही' दाबलं. हळद-पायरी-भोवरा तर कधीच मिटला होता; आता मागितला असता तरी अक्काचा पत्ता त्याला मिळणार नव्हता. अक्काने सोप्यात पाट मांडला, ताट ठेवलं, भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली. वाढताना तिने आमटीची वाटी बोटांनी चाचपून शोधली.

"दिवस मावळाय आलाय. त्याच्या आत जेवून घे," ती म्हणाली. "आणि उद्या तुझं ते डोळे तपासायचं यंत्र घेऊन ये. चंदनाला बी आण."

ते नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं. सुकुमार मान खाली घालून जेवत राहिला.